समोरून पाहिलेला फेर

“सात.” उजवा पाय पुढं. “चौदा.” डावा पाय मागून येऊन त्याच्या जवळ बसला. “एकवीस.” ती कंबरेतून अशी गर्रकन वळली की तिची वेणी माझ्या मिरच्यांच्या पाटीला घासून गेली.

“अगं ए, मिरच्या सांडशील.”

“अठ्ठावीस,” ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता पुढं सरकली.

आमचा कोल्हापुरात चटणी कुटून द्यायचा डंक आहे. उन्हाळ्यात अख्ख्या पेठेच्या मिरच्या आमच्या अंगणात येऊन पडतात आणि पेठ शिंकत शिंकत आमचं नाव घेते. माझ्या सासूनं तो डंक माझ्या हातात दिला तेव्हा तो एकटाच होता. मी त्याचे तीन केले. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, पण कुटायला आलेल्या बाईनं मिरचीत धने किती कमी घातलेत ते मी नुसत्या वासावर सांगते. तर अशी मी, आणि माझ्याच नातीला, दुसरीतल्या ईश्वरीला, मी अख्खा हिवाळा समोर बसवून सातचा पाढा शिकवत होते. सात दुणेला आलं की पोर ओठ चावायची, डोळ्यांत पाणी आणायची. एकदा तर मी पाठीत धपाटाही घातला. पाढा काही आला नाही. आणि आता हीच पोर पाय आपटत तो पाढा अंगणभर पेरत सुटली होती.

“कुणी शिकवला गं?”

“पाढा कुणी नाही शिकवला. फेर शिकवला. फेराची सात पावलं. नंदा वस्ताद म्हणतात, पावलं मोजत चला, म्हणजे काठी चुकत नाही. फेरावर फेर घेतला की आपोआप पाढा आला. आता एका पावलाला एक अख्खा फेर धरतो. मी अख्खा म्हणतो, ऐक.”

आमच्या गावात पोरी ‘येतो, जातो’च म्हणतात. माझी सून पल्लवी पुण्याची, ती दुरुस्त करत बसते. मला त्याचं काही नव्हतं. मला टोचला तो शब्द वेगळाच होता.

“वस्ताद कोण? नंदी?”

“सगळे वस्तादच म्हणतात.”

वस्ताद माझा बाप होता. दाजी वस्ताद. लाठी, पट्टा, फरी-गदका, सगळ्या मर्दानी खेळात त्यांच्यासमोर उभं राहायला परगावचे लोक घाबरायचे. ते गेले आणि तालमीची किल्ली नंदाकडं गेली. नंदा म्हणजे तालमीत पाणी भरणाऱ्या सुताराची पोर. आता तिथं ती संध्याकाळी लहान पोरांना लाठी शिकवते. पल्लवीनं मला न विचारता ईश्वरीला तिथं घातलं. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नसणार.

“आई, शाळेतल्या बाईसुद्धा म्हणाल्या, गणितात खूप सुधारलीय,” पल्लवी रात्री वाढताना म्हणाली.

“चांगलं आहे की,” मी म्हणाले. मी ते असं म्हणाले की तिनं आमटीचं पातेलं उचललं आणि आत गेली.

त्यानंतर घरात रोज काही ना काही निघायला लागलं. मी परसात मिरच्या पसरत होते तर ही कमरेवर हात ठेवून उभी. “आज्जी, भिंतीच्या या अंगाला नको घालूस. ही पूर्व आहे. दुपारनंतर सावली इकडंच पडती.” उन्हात पवित्रा घ्यायला शिकवतात म्हणे, आपली सावली बघून दिशा ओळखायची, मग काठी काढायची. चाळीस वर्षं मी त्या परसात मिरच्या वाळवल्या. सावली कुठं पडते हे मला कळत नव्हतं की काय? दुपारी उचलून पलीकडं टाकायच्याच होत्या मला. पण ती सांगताना तिच्या तोंडावर जो आनंद होता तो माझ्यामुळं आलेला नव्हता, आणि ते मला गिळता येईना.

पळून आली की छातीवर हात ठेवायची. “ठोके मोजतोय, बोलू नकोस.” रस्त्यानं जाताना पाट्या वाचायची, कारण तालमीच्या भिंतीवर डावांची नावं रंगवलेली होती आणि ज्याला नाव वाचता येईल त्यालाच तो डाव मिळायचा. जेवताना विचारायची, “आज्जी, लांब काठी टोकाला जास्त का लागती, सांग?”

“लागती म्हणून लागती.”

“नाही. टोक लांबून फिरतं, म्हणून जोरात फिरतं. नंदा वस्ताद म्हणतात—”

“जेव आधी.”

एकदा जाऊन बघायचं म्हणून मी गेले. निमित्त शिवजयंतीच्या वर्गणीचं केलं. आमच्या पेठेत शिवजयंती वैशाखात, तिथीनं होते आणि त्या दिवशी तालमीतली पोरं चौकात खेळ करून दाखवतात. आत तांबडी माती पाणी शिंपडून सारखी केलेली. पोरं गोलात बसली होती आणि नंदा मधे उकिडवी. केस पिकलेले, तोंडावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण तसेच. सलवार-कमीज घातलेली, या वयात.

“काठी केवढी?” ती विचारत होती.

“आमच्याएवढी,” पोरं ओरडली.

“मग शेजारचा किती लांब पाहिजे?”

“दोन काठ्या.”

“दोन का? एक का नाही?”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग माझी ईश्वरी म्हणाली, “एक माझी आणि एक तिची. तिची पण फिरणार की.”

नंदानं नुसती मान हलवली. शाबासकी नाही, काही नाही. आणि माझी पोर त्या मान हलवण्यावर अशी फुलली की शेजारच्या समृद्धीला तिनं कोपरानं ढोसलं. मी घरी तिला बेसनाचे लाडू देऊन तेवढं फुलवू शकले नव्हते.

भिंतीवर माझ्या बापाची तसबीर होती. हार ताजा होता.

“मालनाक्का, आत या की,” नंदानं मला बघितलं.

“उंबऱ्यातनं बरं दिसतं.”

“सून येते बघायला. तुम्ही आज आलात.”

“कामं असतात आम्हाला. आमच्याकडं माणसं राबतात, पोरं नाहीत.”

ती हसली. तिला माझं बोलणं लागत नाही. हाच तिचा जुना माज. निघताना ती पोरांना दाजी वस्तादांचा नियम सांगत होती. एका तालमीत शिकणाऱ्यानं दुसऱ्या तालमीचा डाव उचलून आणायचा नाही. आणला तर काठी मातीवर ठेवायची आणि घरी जायचं. कारण शेजारच्यानं तुझ्यावर भरवसा ठेवून अंतर धरलेलं असतं. तुझी काठी भलतीकडून आली तर त्याचं डोकं फुटतं. माझ्या बापाचे शब्द जसेच्या तसे. तिच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ईश्वरीला गच्चीवर नेलं. कपडे वाळत घालायची वेताची काठी काढून घेतली.

“नंदा शिकवते ते पोरखेळ आहेत. तुझ्या पणजोबांचा खरा फेर मी दाखवते.”

तिनं डोळे मोठे केले. “तुला येतंय?”

“मी वस्तादाची लेक आहे.”

हे मी सासरी पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. माझ्या सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, डंकावर येणाऱ्या बायकांना सांगितलं. कुणी आगाऊपणा केला की मी नुसती म्हणायची, दाजी वस्तादाची लेक आहे, विसरू नका. कुणी करून दाखव म्हणालं नाही. बायकांना कोण म्हणतं?

पण मला येत होतं. खांदा आधी टाकायचा, मग पाय, आणि काठी शेवटी; घाई करायची नाही. काठी हातात घेतली की सगळं आपोआप आलं. ईश्वरी बघत राहिली, मग माझ्या शेजारी उभी राहून करायला लागली. पंधरा दिवस आम्ही रोज उजाडताना गच्चीवर. पल्लवीला वाटायचं आम्ही पापड घालतोय.

“आज्जी, नंदा वस्ताद काठी डावीकडनं काढतात. तू उजवीकडनं.”

“तिला काय कळतंय. उलटं शिकली असंल.”

“वस्तादांनी विचारलं, कुणी दाखवलं, तर?”

“गप्प बसायचं. आपलं आपल्यात.”

तिला ते आवडलं. त्या पंधरा दिवसांत ती माझी होती. नंदाचं नावही निघालं नाही फारसं.

शिवजयंतीला चार दिवस राहिले तेव्हा तालमीत शेवटचा सराव होता, आईबापांना बोलावून. बायका भिंतीला टेकून बसल्या. पल्लवी त्यांच्यात बसली, मी उंबऱ्याशी उभी राहिले. हलगी वाजायला लागली. पोरं रांगेत उभी, प्रत्येकात दोन काठ्यांचं अंतर. पहिले दोन फेर छान झाले. तिसऱ्याला माझी पोर माझ्या अंगणातल्यासारखी, माझ्या गच्चीवरच्यासारखी सुटली. खांदा, पाय, काठी. अगदी दाजी वस्ताद. आणि बाकीच्या सगळ्या काठ्या डावीकडून येत होत्या.

टक्क असा आवाज झाला. समृद्धीच्या बोटांवर बसली काठी. ती पोर बोटं तोंडात धरून खाली बसली. हलगी थांबली.

नंदानं आधी समृद्धीची बोटं बघितली, वाकवून, सरळ करून. पाण्यात बुडवायला सांगितली. मग आली.

“ईश्वरी, हा फेर कुठला?”

ईश्वरी गप्प.

“मी दिलेला नाही. कुणी दाखवला?”

गप्प.

“पलीकडच्या तालमीतल्या कुणी?”

“बाई, लहान आहे ती,” पल्लवी उठून म्हणाली. “चुकलं असेल.”

“चुकलं नाही. चुकलेलं मला कळतं. हे कुणीतरी पक्कं करून घेतलंय.” नंदाचा आवाज चढला नव्हता. “ईश्वरी, नाव सांग, आणि परत तिकडं जाणार नाही म्हण. मग काठी तुझी.”

पोरीनं माझ्याकडं बघितलंही नाही. एकदाही नाही. मी सांगितलं होतं ना, गप्प बसायचं.

“मग ठेव काठी.”

तिनं वाकून काठी मातीवर ठेवली. सरळ, दोन्ही हातांनी, जशी ठेवायची शिकवली होती तशी.

आता खरं सांगायचं तर मला हेच पाहिजे होतं. उद्यापासून पोर घरी असणार होती. संध्याकाळी माझ्याजवळ मिरच्यांची देठं काढत बसणार होती. नंदाच्या मान हलवण्यावर फुलणं बंद. मी एक शब्द न बोलता सगळं आपोआप झालं होतं.

पोर तिथंच उभी होती. जायला सांगितलं तरी जात नव्हती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं रडते. मग मला दिसलं, तिच्या पायाचा अंगठा मातीत हलत होता. पाऊल न उचलता ती फेर मोजत होती. रांगेतल्या बाकीच्यांचा फेर, जो तिच्याशिवाय पुरा होणार होता.

“मी दाखवला,” मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या.

“तुम्ही?” नंदा म्हणाली.

“मीच. गच्चीवर. दुसऱ्या कुठल्या तालमीचा नाही. माझ्या बापाचा आहे तो.”

 मग नंदानं ते विचारलं, जे चाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. “वस्तादांनी तुमच्या हातात काठी कधी दिली, मालनाक्का?”

पल्लवी माझ्याकडं बघत होती. डंकावर येणाऱ्या चारपाच बायका तिथं होत्या, त्याही. त्यातली एक दुसरीच्या कानाशी लागली.

“नाही दिली,” मी म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही. येतो मला.”

“करून दाखवा.”

तिला वाटलं असेल मी शिव्या घालून निघून जाईन. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी चपला काढल्या, पदर खोचला आणि आत गेले. माझ्या बापाच्या तालमीतल्या मातीवर मी तोवर पाय ठेवला नव्हता. माती गार होती. ईश्वरीनं ठेवलेली काठी उचलली आणि फेर घेतला. साठीची बाई, गुडघे दुखणारी. कुणीतरी हसलं. मी पुरा घेतला.

नंदा हसली नव्हती.

“खांदा आधी,” ती हळूच म्हणाली. “मग पाय. वस्ताद असंच करायचे. माझ्याकडनं ते कधीच आलं नाही. म्हणायचे, नंदे, तू पायानं धावतीस.” मग तिच्या कपाळावर आठी पडली. “पण हे उलटं कसं? सगळं दुसऱ्या अंगाला आहे.”

“आरशातलं आहे,” ईश्वरी म्हणाली. काठी ठेवायला लागल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. “आज्जी, तू पणजोबांच्या समोरनं बघितलं असणार. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. आम्हाला वस्तादांनी पाठीमागं उभं करून शिकवलं, म्हणून आमचं नाही उलटं झालं.”

“कुठनं बघितलं?” नंदानं मला विचारलं.

मी हनुवटीनं दरवाजा दाखवला. “घागर घेऊन यायची. तुझ्या बापाला खोकला लागला की पाणी कोण आणणार? घागर ठेवायची आणि उभी राहायची. हाकलेपर्यंत.”

“रोज?”

“लग्न होईपर्यंत.”

 मला थांबता आलं असतं. पण तोंड उघडलं की पुरतं रिकामं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. “मी मागितली होती काठी. म्हणाले, पोरीच्या हाताला घट्टे पडले तर सोयरीक कोण करणार. मला पटलं. आणि तुझा बाप गेल्यावर त्याच महिन्यात तुला दिली. पाणी भरणाऱ्याच्या पोरीला. मी घागर घेऊन उभी, आणि तू आत.”

“मला का दिली ते माहीत आहे?”

“तू हुशार होतीस म्हणून.”

“माझी सोयरीक होणारच नव्हती म्हणून.” तिनं स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. “माझ्या आईला म्हणाले, हिला कोण मागणी घालणार आहे, हाताला घट्टे पडले तर पडू देत. मी चुलीजवळ बसून ऐकत होते. तुमच्या हळदीला मी पत्रावळी उचलल्या, मालनाक्का. हेवा कसा असतो ते मला नका सांगू.”

मी पहिल्यांदाच तिच्या हातांवरचे घट्टे नीट बघितले. 

ती कोपऱ्यात गेली, स्वतःची काठी घेऊन आली आणि माझ्यासमोर दोन काठ्यांच्या अंतरावर उभी राहिली.

“घ्या फेर.”

“कशाला? उलटा आहे म्हणालीस ना?”

“शेजारी उभं राहिलं तर उलटा. समोर उभं राहिलं तर?”

मी घेतला. तिनं तिचा घेतला. माझी काठी उजवीकडून आली, तिची डावीकडून, आणि दोन्ही मधे जिथं भेटायच्या तिथंच भेटल्या. पुन्हा. पुन्हा. हलगीवाल्यानं कुणी न सांगता ताल धरला. तिचे पाय लवकर यायचे, माझा खांदा. दोघी मिळून एक दाजी वस्ताद होत होतो, आणि तेही धापा टाकत. तिच्या डोळ्यांत मला काय दिसलं ते मी ओळखलं, कारण तेच माझ्या डोळ्यांत असणार. हिला मिळालं ते इतकी वर्षं माझ्या वाट्याला यायला हवं होतं, असं दोघींना एकाच वेळी वाटत होतं.

थांबलो तेव्हा मी ईश्वरीला शोधलं. वाटलं, आता ती माझ्याकडं बघत असेल. नंदानंही मान वळवली होती. तिलाही तेच वाटलं असणार. पोर आमच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती उकिडवी बसून आमच्या पावलांचे मातीतले ठसे बघत होती. बोटानं एकावरून दुसऱ्यावर जात होती.

“आता मी,” ती उठली. “मला दोन्ही बाजू येतात.”

“काठी घे,” नंदा म्हणाली. मग तिनं विचारलं, “कुणाच्या समोर उभी राहणार?”

तिनं ते सहज विचारलं नव्हतं. मीही सहज ऐकत नव्हते. मी पदरानं घाम पुसला आणि काठी घट्ट धरली, म्हणजे ईश्वरी आली की लगेच फेर घेता येईल.

पोरीनं माझ्या हातातली काठी काढून घेतली. नंदाच्याही हातातली घेतली. दोन्ही काठ्या घेऊन ती पाण्याच्या बादलीकडं गेली, जिथं समृद्धी सुजलेली बोटं बुडवून बसली होती.

“दुखतंय?” ईश्वरीनं विचारलं.

“थोडं.”

“तू डावी बाजू घे. मी उजवी घेतो. हळू घेऊ.” तिनं नंदाची काठी समृद्धीच्या बऱ्या हातात दिली आणि तिला हाताला धरून मातीवर आणलं. आम्ही दोघी मधेच उभ्या होतो.

“आज्जी, सरक की,” ती म्हणाली. “वस्ताद, तुम्ही पण.”

मला सरक म्हणणारं आमच्या घरात तोवर कुणी जन्मलं नव्हतं. मी सरकले. नंदाही सरकली.